आरोग्य संजीवनी पॉलिसी: कॅन्सरच्या वर्षभराच्या उपचाराला किती पुरते?

आरोग्य संजीवनी ही कुणा एका कंपनीची पॉलिसी नाही. विमा नियामक आयआरडीएआयने तिचा मसुदा ठरवून दिला आणि 1 एप्रिल 2020 पासून आरोग्य विमा देणाऱ्या सगळ्या कंपन्यांना ती विकायला लावली. अटी, मर्यादा, अपवाद सगळीकडे सारखेच. फरक पडतो तो हप्त्यात, कॅशलेस रुग्णालयांच्या यादीत आणि क्लेम हाताळणाऱ्या माणसांत. पहिली पॉलिसी म्हणून ती घेणारे खूप आहेत, त्यामुळे कॅन्सरसारख्या लांबणाऱ्या आजारात ती कशी वागते ते एकदा कलमवार पाहायला हवं.

मत आधीच सांगतो. ऑपरेशनसाठी ही पॉलिसी चांगली, पण खोली जपून निवडली तरच. सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या केमोला आणि रेडिएशनला ठीक. कॅन्सरच्या पेशींवर नेम धरणाऱ्या महागड्या टार्गेटेड इंजेक्शनांना अपुरी. आणि घरी घ्यायच्या गोळ्यांच्या बाबतीत तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. कारण सरळ आहे: तिची जवळपास सगळी कलमं रुग्णालयातल्या खाटेशी बांधलेली आहेत, आणि कॅन्सरचा बराचसा उपचार आता खाटेवर होतच नाही.

आकडे काय सांगतात

सुरुवातीला विमा रक्कम 1 ते 5 लाख होती, नंतर ती 50 हजार ते 10 लाख अशी रुंदावली. खोलीभाडं विमा रकमेच्या 2 टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त 5,000 रुपये. आयसीयूसाठी 5 टक्के, कमाल 10,000. प्रत्येक क्लेमवर 5 टक्के को-पे, म्हणजे मंजूर झालेल्या रकमेतले शंभरातले पाच रुपये नेहमी तुमचे. ॲडमिट होण्याआधीच्या 30 दिवसांचा आणि डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांचा खर्च मिळतो. रुग्णवाहिकेला दर ॲडमिशनला 2,000. क्लेम न झालेल्या वर्षाला 5 टक्के बोनस, कमाल 50 टक्के. विमा रक्कम संपली की ती पुन्हा भरून देणारी सोय, जिला रिस्टोअर म्हणतात, या मसुद्यात नाही.

खोलीचा आकडा नीट बघा. 2 लाखांच्या पॉलिसीला 4,000 ची खोली मिळते, 5 लाखांच्या पॉलिसीला 5,000 ची, आणि 10 लाखांची घेतली तरी 5,000 चीच. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या खासगी रुग्णालयात या दरात बहुतेक वेळा जनरल वॉर्ड किंवा दोघांत-तिघांत मिळून असलेली खोली येते. "दहा लाखांचा विमा आहे, स्वतंत्र खोली द्या" असं ॲडमिशन काउंटरवर सांगण्याआधी पुढचा हिशेब वाचा.

समजा, 5 लाखांची पॉलिसी आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि 5 दिवस 8,000 रुपयांच्या खोलीत काढले. खोलीचं बिल 40,000. सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटर मिळून 2,40,000. औषधं आणि तपासण्या 1,10,000. पॉलिसीत न बसणाऱ्या किरकोळ वस्तू 18,000. एकूण 4,08,000.

हक्क 5,000 चा, घेतली 8,000 ची, म्हणजे प्रमाण 62.5 टक्के. खोलीचे 40,000 चे 25,000 होतात. पण त्याच प्रमाणात सर्जन, भूल आणि थिएटरचे 2,40,000 सुद्धा 1,50,000 वर येतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही. 2020 च्या नियमांनी ती बंद केली आहे. आयसीयूच्या खर्चालाही लागत नाही. मंजूर रक्कम 2,85,000, त्यातून 5 टक्के को-पे वजा होऊन हातात 2,70,750. पदरचे 1,37,250.

आता तेच ऑपरेशन 5,000 च्या खोलीत केलं आणि बाकीचे दर तेवढेच धरले, तर बिल 3,93,000, कंपनी देणार 3,56,250, पदरचे 36,750. खोलीत बचत झाली पंधरा हजारांची आणि खिशात राहिले एक लाखाहून जास्त. प्रत्यक्षात स्वस्त खोलीत सर्जनचा दरही बहुधा कमी असतो, म्हणजे फरक याहून मोठा पडतो.

एक अपवाद फार थोड्यांना माहीत असतो. ज्या रुग्णालयात खोलीच्या वर्गानुसार सर्जनचे किंवा थिएटरचे दर बदलत नाहीत, तिथे ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. रुग्णालयाच्या दरपत्रकात सगळ्या वर्गांना एकच दर असेल, तर त्याची प्रत क्लेमला जोडा आणि कपात झाली तर त्यावरच बोट ठेवा.

केमो आणि रेडिएशन

केमो आणि रेडिएशन डे केअरमध्ये येतात, 24 तास ॲडमिट राहण्याची अट नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी आलात तरी क्लेम बसतो. इथे पॉलिसीचा एक चांगला भाग कामी येतो आणि तो वापरला जात नाही याचं वाईट वाटतं. प्रत्येक डे केअर केमो ही स्वतंत्र ॲडमिशन धरली जाते, म्हणून डिस्चार्जनंतरचे 60 दिवस दर खेपेला नव्याने सुरू होतात. केमो 21 दिवसांनी असेल, तर संपूर्ण उपचारकाळ सलग या मुदतीत राहतो. पुढच्या केमोच्या आदल्या दिवशीच्या सीबीसी, क्रिएटिनिन, लिव्हर फंक्शन या रक्ततपासण्या, डॉक्टरांची फी, उलटीच्या गोळ्या आणि केमोनंतर 24 तासांनी घरी किंवा जवळच्या दवाखान्यात घेतलेलं पांढऱ्या पेशी वाढवणारं पेगफिलग्रास्टिमचं इंजेक्शन, हे सगळं मागता येतं. अटी दोनच: ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असावं आणि बिल रुग्णाच्या नावावर असावं. दुकानदार घाईत 'कॅश' लिहून बिल देतो, ते चालत नाही.

डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव, मिलिग्रॅम, कोणत्या मार्गाने दिलं, कितवी खेप, आणि रुग्णाची उंची-वजन हवं. केमोचा डोस शरीराच्या पृष्ठफळावर ठरतो. पॅक्लिटॅक्सेल 175 मिलिग्रॅम दर चौरस मीटरला आणि पृष्ठफळ 1.6 असेल, तर डोस 280 येतो, बाटली मात्र 300 ची फोडली जाते. टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेचा माणूस विचारतो, 20 मिलिग्रॅम कुठे गेलं? 'उरलेलं औषध टाकून दिलं' एवढी डॉक्टरांची ओळ आणि बाटलीचा बॅच नंबर असला की प्रश्न मिटतो. नसला की महिना जातो.

रेडिएशन, ज्याला आपल्याकडे 'शेक देणं' म्हणतात, सोमवार ते शुक्रवार रोज असतं. स्तनाच्या कॅन्सरला हल्ली बरेचदा 15 बैठका, तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला 30 ते 35. कॅशलेसची मंजुरी संपूर्ण कोर्सची एकदाच घ्यायला सांगा. रोजची वेगळी फाइल झाली तर कागदांचा ढीग आणि नाकारण्याच्या जागा दोन्ही वाढतात. पॉलिसी शेकाचे पैसे देते. रोजचा प्रवास, तीन ते सात आठवडे शहरात राहणं, सोबतच्या माणसाचा बुडालेला पगार यातलं काही देत नाही. सोलापूर-धाराशिवकडच्या रुग्णाला हाच शेक बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात, विदर्भातल्याला नागपूरच्या तुकडोजी रुग्णालयात मिळत असेल, तर ऑपरेशन मुंबईत करूनही रेडिएशन घराजवळ घेणं परवडतं. डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. टाटालाच यायचं असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची चौकशी आधी करून ठेवा.

तपासण्यांचे 30 दिवस हा सर्वांत निसटता भाग आहे. बायोप्सी झाली, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा (कॅन्सरचा प्रकार ठरवणाऱ्या तपासणीचा) अहवाल आठवड्याने आला, त्यात हर-टू या प्रथिनाचा निकाल 2+, म्हणजे अनिश्चित आला म्हणून खात्रीच्या फिश चाचणीसाठी पुन्हा थांबलो, मग पेट-सीटी, मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत. पहिली ॲडमिशन पस्तिसाव्या दिवशी झाली, तर बायोप्सीचं बिल मुदतीबाहेर. दुसरं मत घेणं टाळू नका, पण तारखा मोजत राहा. केमोसाठी छातीत पोर्ट (औषध शिरेत सोडण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) बसवायचा असेल तर ती ॲडमिशनही मोजली जाते. पोर्टच्या खोक्यावरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डाला चिकटवून घ्या, त्याविना पोर्टची किंमत कापतात. आणि नुसत्या तपासण्यांसाठी ॲडमिट होऊ नका. 'तपासणी व मूल्यमापन' हा अपवाद क्रमांक 04 आहे, तो क्लेम जवळपास हमखास जातो.

जिथे पॉलिसी तोकडी पडते

2019 साली नियामकाने बारा आधुनिक उपचार विम्यातून वगळायला कंपन्यांना मनाई केली. त्यात तोंडावाटे घ्यायची केमो, इंजेक्शनने दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी, रोबोटिक शस्त्रक्रिया, स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी (नेमक्या जागी दिलेलं तीव्र रेडिएशन) आणि रक्ताच्या आजारांसाठी स्टेम सेल प्रत्यारोपण आहे. चांगलं पाऊल होतं. पण मर्यादा घालायची मुभा ठेवली गेली आणि आरोग्य संजीवनीत ती विमा रकमेच्या 50 टक्के आहे. 5 लाखांच्या पॉलिसीत वर्षाला अडीच लाख.

हर-टू पॉझिटिव्ह स्तनाच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. त्यावरचं ट्रास्टुझुमॅब हे टार्गेटेड इंजेक्शन म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडीच. पहिला डोस किलोला 8 मिलिग्रॅम, नंतर दर 21 दिवसांनी 6 मिलिग्रॅम, अशा बहुधा 17 किंवा 18 खेपा. 60 किलो वजनाला आधी 480, मग दर वेळी 360 मिलिग्रॅम. ही सगळी इंजेक्शनं अडीच लाखांच्या पेटीतून जातात, आणि त्याच विमा रकमेतून ऑपरेशन, केमो आणि रेडिएशनही भागवायचं असतं. बायोसिमिलर, म्हणजे मूळ ब्रँडसारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध चालेल का हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. मूळ ब्रँड आणि बायोसिमिलर यांच्या किमतीतलं अंतर मोठं असतं, आणि पेटी किती खेपा पुरेल ते त्यावरच ठरतं.

इथे नूतनीकरणाची तारीख महत्त्वाची ठरते. मर्यादा पॉलिसी वर्षाची आहे. वर्षभराचा उपचार जवळपास नेहमीच दोन पॉलिसी वर्षांत पसरतो, म्हणजे दुसऱ्या वर्षी नवी विमा रक्कम आणि नवी अडीच लाखांची मर्यादा मिळते. क्लेम झाला म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही, एकट्या तुमच्या क्लेममुळे तुमचा हप्ताही वाढवता येत नाही. पण हप्ता चुकला तर सगळं संपलं. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते आणि त्या खंडातला उपचार संरक्षणाबाहेर जातो. घरात आजारपण असताना मेल बघायला कुणाला वेळ नसतो. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा आहे. निदानानंतर विमा रक्कम वाढवून घेऊ असं मात्र धरून चालू नका. वाढीव रकमेला कंपनी नकार देऊ शकते, आणि दिलीच तर त्या भागावर प्रतीक्षाकाळ (ज्यात क्लेम मिळत नाही) नव्याने सुरू होतो.

गोळ्यांचं काय? 'तोंडावाटे केमो' यादीत आहे, पण कलम म्हणतं की उपचार रुग्णालयात ॲडमिट होऊन किंवा डे केअरमध्ये झालेला असावा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला ऑक्झॅलिप्लॅटिन सलाइनमधून आणि पुढे 14 दिवस कॅपेसिटॅबिनच्या गोळ्या घरी, अशी पद्धत असेल तर जमतं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहा, डिस्चार्जनंतरच्या खर्चात मागा. पण दीर्घकालीन रक्ताच्या कॅन्सरला (सीएमएल) इमॅटिनिब रोज घरी घ्यायची असते, ॲडमिट होण्याचा प्रसंगच येत नाही. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल 5 वर्षं आणि अधिक चालतं. शेवटच्या ॲडमिशननंतरचे 60 दिवस उलटले की हा सगळा खर्च घरचा. दर काही महिन्यांची तपासणी आणि मॅमोग्राफी सुद्धा. बाह्यरुग्ण खर्च पॉलिसीत नाहीच.

तंबाखू, मिशरी आणि फॉर्मवरची ती खूण

आपल्या भागात तोंडाचा कॅन्सर खूप आहे आणि त्याच्या क्लेममध्ये एक वाद हमखास निघतो. प्रस्ताव फॉर्मवर 'तंबाखू सेवन?' असा रकाना असतो. एजंट घाईत 'नाही' वर खूण करतो. गावाकडच्या बाईला मिशरी हे व्यसन वाटतच नाही, ती दात घासण्याची वस्तू असते. निदानानंतर डॉक्टर केस पेपरवर 'मिशरी, 20 वर्षं' लिहितात आणि कंपनी माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारते. पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल तर माहिती लपवली हे कारण चालत नाही, कंपनीला फसवणूक सिद्ध करावी लागते. ही मुदत पूर्वी 8 वर्षांची होती, 2024 मध्ये 5 वर गेली. पॉलिसी नवी असेल तर आत्ताच कंपनीला लेखी कळवून नोंद दुरुस्त करून घ्या. हप्ता थोडा वाढला तरी ते स्वस्त पडतं. केस पेपर बदलायला डॉक्टरांना मात्र सांगू नका, तेच पुढे फसवणुकीचा पुरावा ठरतं.

सोबत काय जोडावं

ही एकटी पॉलिसी कॅन्सरला पुरणार नाही. सोबत सुपर टॉप-अप घ्या, साधा टॉप-अप नको. दोन्ही ठराविक रकमेच्या, म्हणजे वजावटीच्या, वरचा खर्च देणाऱ्या जोड-पॉलिसी आहेत. 5 लाखांच्या वजावटीचा साधा टॉप-अप प्रत्येक क्लेम वेगळा मोजतो. 60,000 च्या आठ केमो आणि 3 लाखांचं ऑपरेशन मिळून 7,80,000 झाले तरी एकही बिल 5 लाखांवर जात नाही, म्हणून टॉप-अप शून्य देतो. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि वरच्या 2,80,000 चा विचार करतो. काही साधे टॉप-अप 'एक आजारपण' असं मोजतात आणि 45 दिवसांच्या आत पुन्हा सुरू झालेला उपचार त्यात धरतात. घेण्याआधी हे वाक्य पॉलिसीत शोधा.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे, वर्षाला 5 लाखांपर्यंत. खासगी विमा असला तरी ती वापरता येते. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळतं. विमा रक्कम ऑपरेशनात संपली असेल, तर रेडिएशन योजनेतल्या रुग्णालयात घेण्याचा मार्ग राहतो. पण योजनेत आधी मंजुरी, मग उपचार. उपचार करून नंतर बिलं नेली तर परतावा नाही. रुग्णालयात या योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी भेटा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला 4 लाख.

निदान होताच ठोक रक्कम देणारी गंभीर आजार पॉलिसी प्रवास, घरखर्च आणि गोळ्यांना उपयोगी पडते. तिच्या व्याख्या मात्र कडक आहेत. कार्सिनोमा इन सिटू, म्हणजे जागच्या जागी असलेला अगदी सुरुवातीचा कॅन्सर, त्यात बसत नाही. थायरॉइडचा टी-वन टप्प्यातला, न पसरलेलाही नाही. पहिले 90 दिवस प्रतीक्षा असते.

पैसे अडले तर

2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्यापुढच्या उशिरामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. रुग्णालयाने टीपीएला विनंती किती वाजता पाठवली ते विमा डेस्कवरून विचारून वेळेसह टिपून ठेवा. 'पाठवलंय' एवढ्या उत्तरावर थांबू नका, अर्धा उशीर तिथेच झालेला असतो.

कॅशलेस नसेल तर नियोजित ॲडमिशनची सूचना 48 तास आधी द्यायची. कागद डिस्चार्जपासून 30 दिवसांत, आणि डिस्चार्जनंतरच्या खर्चाचे कागद ती मुदत संपल्यापासून 15 दिवसांत. मूळ बिलं देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. तीच बिलं सुपर टॉप-अपलाही लागणार असतात, आणि जुन्या करप्रणालीत 80डीडीबी या नावाने ओळखली जाणारी, आजाराच्या उपचारखर्चाची आयकर वजावट घेताना विम्यातून किती मिळालं हेही दाखवावं लागतं.

नकार तोंडी स्वीकारू नका. पत्र मागा आणि त्यात पॉलिसीचं नेमकं कलम लिहिलेलं आहे का पाहा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, आपल्याकडे मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा वाद ते ऐकतात. अर्जासोबत पॉलिसीची संपूर्ण प्रत, नकाराचं पत्र, हिस्टोपॅथॉलॉजी अहवाल (गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा) आणि ज्या कलमावरून नकार दिला त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची अर्ध्या पानाची टिप्पणी जोडा. ही टिप्पणीच बहुतेक फाइलींत नसते. मुदत कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्ष. केमोच्या थकव्यात हे वर्ष हातातून जातं, म्हणून अर्ज भरण्याचं काम रुग्णावर न टाकता घरातल्या दुसऱ्या कुणाकडे पहिल्या दिवसापासून द्या.